गाडी उभी तर आपण उभे

गाडी मध्येच कुठे अडकून पडली की इंदूबाई बाकड्यावरून उठून उभ्या राहत. नुसत्या स्वतः उठून थांबत नसत. बसलेल्या प्रत्येकाकडे अशी नजर टाकत की त्यालाही उठावंच लागे. मग इंजिनापासून तिसऱ्या डब्यातली सगळी माणसं दाटीवाटीने उभी आणि बाकडी मात्र रिकामी, असं चित्र दिसे. नवख्या माणसाला वाटे, राष्ट्रगीत लागलंय की काय.

ही गोष्ट बहात्तर-त्र्याहत्तरची, दुष्काळातली. मी बेलवंडीहून नगरला कचेरीत कारकून म्हणून रोज जाऊन-येऊन करत होते. बेलवंडीनंतर विसापूर, रांजणगाव रोड, सारोळा, अकोळनेर आणि मग नगर, अशी आमची स्टेशनं. दौंडकडून येणारी सकाळची पॅसेंजर हीच काय ती सोयीची गाडी. शिक्षक, कारकून, कॉलेजची मुलं, भाजीच्या पाट्या, दुधाच्या किटल्या आणि त्या वर्षी नगरकडे काम शोधायला निघालेली गावंच्या गावं, सगळी त्याच मोजक्या डब्यांत कोंबलेली असायची. बेलवंडीला जागा मिळे, विसापूरला मिळालीच तर मिळे, त्यापुढे लोंबकळणं.

माझा पहिलाच दिवस होता. खिडकीची जागा मिळाली म्हणून मी खूश होते. सारोळा आलं तशी कुणीतरी माझ्या खांद्यावर बोटाने टकटक केली. उंच, सडपातळ, चाळिशी ओलांडलेली बाई. गळ्यात मोजायची टेप, मंगळसूत्राशी गुंतलेली.

"उठा, कारकूनबाई. सारोळं आलं."

"मला नगरला उतरायचंय," मी म्हटलं.

"उतरा की नगरला. नको कोन म्हनतंय? पन बसायचं सारोळ्यापर्यंत. पुढची पाळी ह्या मावशींची."

मी उठले. ऐकण्यासारखं होतं म्हणून नव्हे, आजूबाजूचे सगळेच उठत होते म्हणून. भाजीच्या पाट्या घेऊन बेलवंडीपासूनच उभ्या असलेल्या हौसाबाई माझ्या जागेवर बसल्या आणि पाय लांब करून म्हणाल्या, "आई गं!" मी इंदूबाईंना विचारलं, "मी कारकून आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"हातरुमालाच्या चारी कडा जुळवून घडी घातलीया. अशी घडी एक तर शिंपी घालतो, न्हाईतर कारकून. शिंपी तर मी हाय."

त्या नगरच्या एका शिवणवर्गात शिकवत. विसापूरला घर, थोडं शेत. त्या वर्षी विहिरीने तळ दाखवला होता, आणि नवऱ्याला दमा असल्याने खडी फोडायच्या कामावर जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. घरात महिन्याला येणारा पैसा म्हणजे इंदूबाईंचा पगार, तोही हंगामी शिक्षिकेचा. वर्गाची किल्ली त्यांच्याकडे असे. ती त्या पिशवीत ठेवत नसत, कमरेला खोचत. गाडीत चढल्यावर एकदा आणि नगरला उतरताना एकदा त्यांचा हात कमरेला जाऊन यायचा.

बोलणं सगळं शिवणातलं. बाकड्यावर एखादा माणूस ऐसपैस बसला असला की म्हणायच्या, "भाऊ, जरा शिलाई उसवा, अजून एक मावतंय." कुणी दोघं जागेवरून हमरीतुमरीवर आली की, "एवढं ताणू नका, शिवणीतच फाटंल." कापड कापताना शिंपी शिवणीत थोडं जास्तीचं ठेवतात, त्याला माया म्हणतात. बाईंचं म्हणणं, माणसाने गाडीत चढताना अंगात तेवढी माया ठेवून चढावं.

सारोळ्याला उठायचं हा नियम त्यांनीच लावलेला. तो त्या कुणालाही लावत. एकदा बेलवंडीला एक ठेकेदार चढला. गळ्यात सोन्याची साखळी, बाकड्यावर पेटी. सारोळा आल्यावर तो काही हलेना.

"मी तिकीट काढून बसलोय, बाई."

"मग आमी काय शेंगा देऊन चढलो?"

डबा असा हसला की ठेकेदारही शेवटी पेटी उचलून उठला. नगरला उतरताना त्याने बाईंना विचारलं, "परवा पुन्हा ह्याच गाडीने यायचंय. तुम्ही असणार का?" त्या म्हणाल्या, "असनार. दुसरा डबा बघून ठेवा."

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. गाडी उशिरा येऊ लागली तेव्हा हसणं संपलं.

आमच्या मार्गावर तेव्हा एकेरी रूळ. समोरून गाडी येणार असली की एकीने स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबायचं. दुष्काळामुळे धान्याच्या मालगाड्या वाढल्या होत्या, आणि त्यांना आधी सोडत. धान्य आधी जावं, यावर कुणाचा आक्षेप नव्हता. पण थांबायचं नेहमी आमच्याच पॅसेंजरने, तेही सकाळी ऑफिसच्या वेळेला. कधी विसापूरला, बहुतेकदा रांजणगाव रोडला. कधी पाव तास, कधी पाऊण तास. नगरच्या स्टेशनमास्तरांकडून गाडी लेट असल्याची चिठ्ठी मिळे. आमच्या कचेरीत ती चालत होती, आमच्या डब्यातल्या पवार मास्तरांच्या शाळेतही चालत होती. इंदूबाईंच्या वर्गात चालेना.

"नव्या मोठ्या बाई आल्यात वर्गावर," इंदूबाईंनी एक दिवस सांगितलं. मग मान ताठ करून त्या बाईंची नक्कलच केली. "'इंदूबाई, चिठ्ठ्यांनी पोलकी शिवून होत नाहीत. मुली दारात उन्हात उभ्या असतात. मार्चअखेरपर्यंत वेळेवर येणं जमलं नाही तर आम्ही गावातलीच बाई ठेवू.'"

"म्हणजे काढणार तुम्हाला?" मी विचारलं.

"काढनारच. आन् खोटं काय बोलली ती? पोरी उभ्या असत्यातच. किल्ली माझ्यापाशी."

"किल्ली तिथेच कुणाला देऊन ठेवा," पवार मास्तर म्हणाले. हे बेलवंडीचे, गणिताचे मास्तर.

"किल्ली देऊन येईन हो मास्तर. पन मग मी कशाला पायजे? किल्ली जिच्यापाशी, ती बाई."

मी घरी जाऊन अर्ज लिहिला. रेल्वेच्या साहेबांना दोनच मागण्या: सकाळी पॅसेंजर आधी सोडा आणि एक डबा वाढवा. दुसऱ्या दिवशी सह्या घ्यायला लागले, तर एक गंमत लक्षात आली. सह्या फक्त उभे असलेले लोक करत होते. बसलेल्यांना घाई नव्हती. कुणी पेपर वाचत होतं, कुणी डुलकी घेत होतं. "करू की उद्या," म्हणत होते.

त्याच दिवशी रांजणगाव रोडला गाडी थांबली ती थांबलीच. बसलेले बसून, उभे उभे. सारोळा पुढचंच स्टेशन, पण ते काही येईना. हौसाबाईंचा पाय सुजलेला होता. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमचं लई येळ बसून झालं की. उठा आता."

"नियम स्टेशनाचा आहे, हौसाबाई, घड्याळाचा नाही. सारोळा आलं की उठतो."

"तुमी बसलाय म्हून नियम सुचतोय. उभं असता तर घड्याळ सुचलं असतं."

"मी तत्त्वाचं बोलतोय."

"तत्त्व बी बसूनच बोलताय न्हवं?"

डब्यात दोन तट पडले. स्टेशनाप्रमाणे पाळी की वेळेप्रमाणे, यावर असा वाद रंगला की गाडी का थांबली हे सगळे विसरले. इंदूबाई बसलेल्यांपैकीच होत्या. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या, मग उठल्या.

"स्टेशन बी नको आन् घड्याळ बी नको. गाडी उभी तर आपन समदे उभे. सुटली की ज्याची त्याची जागा ज्याला त्याला."

"अहो, पण बाकडी रिकामी ठेवून उभं राहायचं? ह्यात कुणाचा फायदा?" मास्तरांनी विचारलं.

"कुनाचाच न्हाई. म्हून तर. लेट म्हंजे काय ते बसल्याला कळत न्हाई. उभ्याला कळतंय. समद्यांना कळू द्या."

मास्तर उठले. गणिताचा माणूस; मुद्दा पटल्यावर वाद घालत बसणारा नव्हे. चार दिवसांत तो आमच्या डब्याचा रिवाज झाला, आणि आठवड्याच्या आत माझ्या अर्जावर सह्यांना जागा उरली नाही. पेपर वाचणाऱ्या गृहस्थांनी तर अर्जाची भाषा आणखी कडक करायला सांगितली.

मार्चच्या मध्याला कळलं की रेल्वेचे एक साहेब स्वतः आमच्या डब्यातून प्रवास करून पाहणार आहेत. मी सगळ्यांना बजावलं, रोजच्यासारखेच चढा, रोजच्यासारखेच वागा.  मार्चअखेर इंदूबाईंना मिळालेली मुदत संपत होती, हे डब्यात सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी बेलवंडीला मी डब्यात शिरले आणि दारातच थांबले. डबा झाडलेला. पाट्या आणि किटल्या बाकड्यांखाली सरकवलेल्या. पवार मास्तर आणि हौसाबाई त्या दिवशी मुद्दाम दौंडच्या बाजूला एक स्टेशन मागे जाऊन तिथूनच चढले होते, आणि हौसाबाईंनी बाकड्यावर स्वच्छ धुतलेली वाकळ अंथरली होती. तिच्यावर साहेब. पवार मास्तर त्यांना थर्मासमधून चहा ओतून देत होते. साहेबांचा कारकून मांडीवर पिशवी घेऊन गूळ-शेंगदाणे खात होता. आणि माणसं? निम्मीसुद्धा नव्हती.

"बाकीचे कुठे आहेत?" मी मास्तरांना हळूच विचारलं.

"मागच्या डब्यांत बसवले. साहेब पहिल्यांदा आलेत. त्यांना गर्दीचा त्रास नको."

मी कपाळाला हात लावला. विसापूरला इंदूबाई चढल्या. त्यांनी एका नजरेत डबा पाहिला, माझ्याजवळ आल्या आणि दात आवळून म्हणाल्या, "पाव्हना जेवाय न्हाई आला, कारकूनबाई. भूक बघाय आलाय! त्याला ताट वाढलं कुनी?"

गाडी सुटली. साहेब माणूस बरा होता, पोट सुटलेलं, बोलणं मऊ. चहाचा पेला खाली ठेवून ते आपल्या कारकुनाला म्हणाले, "डबा व्यवस्थित आहे. गर्दीही फारशी दिसत नाही. अर्जात जरा मीठमसाला आहे म्हणायचा." कारकुनाने मान डोलावली. मी इंदूबाईंकडे पाहिलं. त्यांचा हात कमरेशी होता.

रांजणगाव रोडला गाडी बाजूच्या रुळावर शिरली आणि थांबली. इंदूबाई दाराशी गेल्या आणि मागे तोंड करून ओरडल्या, "या की समदे! आपला डबा सोडून कुठं सोयरीक केली?"

मागच्या डब्यांतून माणसं उतरली, फलाटावरून धावत आली आणि चढली. पाट्या आल्या, पोरं आली, सायकलच्या दोन ट्यूब गळ्यात अडकवलेला एक जण आला. आणि गाडी उभी होती, म्हणून बसलेले सगळे एकदम उठले.

साहेब गोंधळले. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि हसून म्हणाले, "अहो, बसा, बसा. माझ्यासाठी उठायचं काही कारण नाही."

"तुमच्यासाठी न्हाई, साहेब," इंदूबाई म्हणाल्या. "गाडी उभी हाय."

"म्हणजे?"

"गाडी उभी तर आपन उभे. आमच्या डब्याचा रिवाज हाय. तुमी आज आमच्या डब्यात हाय."

पवार मास्तरांचा चेहरा पडला. साहेबांचा कारकून पुढे झाला. "अहो बाई, कुणाशी बोलताय? साहेब आहेत ते!"

"व्हय. म्हून तर खांद्याला हात न्हाई लावला."

कुणीतरी मागे हसलं. साहेबांनी डब्यावरून नजर फिरवली. सगळी माणसं खांद्याला खांदा लावून उभी, आणि एकटे ते वाकळीवर. ते उठले. त्यांना उभं राहायला जेमतेम दोन पावलांपुरती जागा मिळाली, तीही मेथीच्या पाटीशेजारी. थोडा वेळ गेला. त्यांनी या पायावरचा भार त्या पायावर घेतला.

"असं किती वेळ उभं राहावं लागतं?"

"ते तुमीच सांगायचं, साहेब. गाडी तुमची."

 ऊन तापू लागलं होतं. एक तान्हं मूल रडायला लागलं, त्याला खिडकीकडे सरकवत सरकवत नेलं. बऱ्याच वेळाने समोरून धान्याची मालगाडी आली आणि सावकाश निघून गेली. तरी आमची सुटेना.

"तुम्हाला नगरला काय काम असतं?" साहेबांनी इंदूबाईंना विचारलं.

त्यांनी कमरेची किल्ली काढून दाखवली. "पोरींना शिवान शिकवते. ही वर्गाची किल्ली. आता ह्या येळेला पोरी दारापाशी उन्हात उभ्या हायेत. मी हितं उभी, त्या तिथं उभ्या. महिनाअखेरीला ही किल्ली दुसऱ्या बाईला देनार हायेत."

एवढंच बोलून त्यांनी किल्ली परत खोचली. विनवणी केली नाही, हात जोडले नाहीत. गाडी सुटली तेव्हा त्या साहेबांना म्हणाल्या, "बसा आता." साहेब बसले. सारोळा आलं तेव्हा मात्र कुणी काही सांगायच्या आधीच ते उठले. मास्तरांनी त्यांना चहाबरोबर तोही नियम पाजला असावा. त्यांच्या जागी हौसाबाई बसल्या, स्वतःच्याच वाकळीवर.

नगरला उतरल्यावर मी इंदूबाईंना गाठलं. "साहेब रागावले असते म्हणजे?"

"तर नोकरी गेली असती."

"मग?"

"त्याला चा पाजून बसवून आनलं असतं तरी गेलीच असती. मग उभं करून का न घालवावी?" आणि त्या झपझप फाटकाबाहेर गेल्या.

पंधरा दिवसांच्या आत फरक पडला. सकाळच्या वेळी मालगाडी थांबू लागली आणि आमची पॅसेंजर आधी जाऊ लागली. मार्चअखेर आली आणि गेली. किल्ली बाईंच्या कमरेलाच राहिली. पुढे पावसाळ्याच्या तोंडाला एक डबा वाढला आणि गाडीची वेळही थोडी अलीकडे आणली. मला वाटलं, आता सगळे पेढे वाटतील. उलट कुरकुर सुरू झाली. पहाटे लवकर उठावं लागतं, पोळ्या आदल्या रात्री लाटून ठेवाव्या लागतात, चहा गाडीत प्यावा लागतो. सगळ्यांचा रोख इंदूबाईंवर.

"गाडी लेट हुती तवा गाडीला शिव्या दिल्या," त्या म्हणाल्या. "आता येळेवर आली तर मला द्या. कुनाला तरी दिल्याबिगर तुमचा डबा काय उघडत न्हाई."

वाढवलेला डबा महिन्याभरात भरला. सारोळ्याचा नियम चालूच राहिला. गाडी पूर्वीइतकी अडत नसे, पण अडली की तिसरा डबा उभा राही. असं आणखी बरीच वर्षं चाललं. बाई वर्गात कायम झाल्या, मुलाचं लग्न झालं, विहिरीला पाणी आलं. मग त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला.

त्या सकाळी आम्ही हार, नारळ आणि एक साडी घेऊन चढलो होतो. नगरच्या फलाटावर छोटासा सत्कार करायचं ठरलं होतं. नेमकी गाडी नगरच्या अलीकडे सिग्नलला अडली. सगळे उठलो. इंदूबाई दाराशी जाऊन सिग्नलकडे बघू लागल्या.

"बाई, आज शेवटचा दिवस," मी म्हटलं. "आज उशीर झाला तरी काय बिघडतंय?"

"माझं काय बिघडायचंय? किल्ली अजून माझ्यापाशी हाय."

गाडी फलाटाला लागली तशी त्या उतरल्या. मास्तर हार घेऊन पुढे झाले. "संध्याकाळच्या गाडीला घाला, मास्तर. पोरी उन्हात हायेत," असं म्हणून त्या गेल्यासुद्धा. हार हातात धरून आम्ही उभे राहिलो आणि एकमेकांकडे बघून हसलो.

संध्याकाळी त्या आल्या तेव्हा केसांत वर्गातल्या पोरींनी माळलेली वेणी होती. आम्ही हार घातला, साडी दिली. परतीलाही नियम तोच; सारोळ्याला त्या उठल्या. पुढची पाळी माझी होती. "आज बसा हो," मी म्हणाले.

"का? आज माझं वजन वाढलं का काय? बसा, कारकूनबाई."

मी बसले. त्या वरच्या फळीची साखळी धरून उभ्या राहिल्या. मधून मधून त्यांचा हात कमरेला जाई, तिथे काही नाही हे कळे आणि परत येई.

विसापूर आलं. त्या उतरल्या आणि खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. डब्यात काय झालं ते मला सांगता येणार नाही. आधी कोण उठलं ते माझ्या लक्षात नाही. पण सगळे उठले होते. हौसाबाई सुद्धा, सुजक्या पायावर.

इंदूबाईंनी डब्याकडे पाहिलं, मग गार्डाच्या डब्याकडे पाहिलं. "का गं? गाडी अडली का काय? हिरवा बावटा दिसतोय की. बसा, सुटायची येळ झाली."

गार्डाने शिट्टी दिली. गाडी सुटली, तरी बेलवंडीपर्यंत कुणी बसलं नाही.